ऊर्जेचा ताळेबंद

कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा, ही व्याख्या शाळेत प्रत्येकाने पाठ केलेली असते. व्याख्या चुकीची नाही, मात्र तिचा सगळा भार ‘कार्य’ या शब्दावर आहे आणि भौतिकशास्त्रातले कार्य व्यवहारातल्या कामापेक्षा वेगळे आहे. वस्तूवर बल लावले आणि ती बलाच्या दिशेने सरकली, तरच कार्य झाले असे मानतात. बल आणि सरकलेले अंतर यांचा गुणाकार म्हणजे ते कार्य. डोक्यावर पोते घेऊन उभा असलेला हमाल घामाघूम होतो, पण पोते जागचे हललेले नसते, म्हणून त्याने पोत्यावर केलेले कार्य शून्य. हे ऐकायला अन्यायाचे वाटते. तरी हमालाच्या श्रमांचा हिशेब सुटलेला नाही. भार पेलून धरताना स्नायूंचे तंतू आतल्या आत सतत आकुंचन पावत असतात, त्यात अन्नातली ऊर्जा खर्ची पडते आणि उष्णता होऊन अंगावाटे बाहेर जाते. पोत्याच्या खात्यात काही जमा होत नाही, भोवतालच्या हवेच्या खात्यात होते.

कार्य आणि ऊर्जा यांचे एकक एकच, ज्यूल. १०० ग्रॅमचा एक पेरू मीटरभर उचलायला सुमारे एक ज्यूल लागतो. दहा मीटर खोल विहिरीतून १५ लिटरची घागर शेंदली, तर पाण्याला मिळालेली ऊर्जा १५ गुणिले ९.८ गुणिले १०, म्हणजे १,४७० ज्यूल भरते. यातला ९.८ हा आकडा पृथ्वीच्या गुरुत्वीय त्वरणाचा. आता वीजबिलावरचे ‘युनिट’ घ्यावे. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच ३६ लाख ज्यूल. भागाकार केला तर एका युनिटात अशा जवळजवळ २,४५० घागरी बसतात. मिनिटाला एक घागर या वेगाने क्षणभरही न थांबता शेंदत राहिले, तरी चाळीस तासांहून अधिक वेळ लागेल. पाणी शेंदण्यात पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे हात झिजले, त्या घरांत विहिरीवर पंप बसला तेव्हा नेमके काय घडले, ते या एका भागाकारातून कळते.

ताकद, जोर, शक्ती, ऊर्जा हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. भौतिकशास्त्रात मात्र ऊर्जा आणि शक्ती यांच्यात फरक आहे. शक्ती म्हणजे ऊर्जा वापरण्याचा किंवा पुरवण्याचा दर. एका सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट. दिवसाकाठी २,००० किलोकॅलरी अन्न पचवणाऱ्या माणसाच्या शरीरात २४ तासांत सुमारे ८४ लाख ज्यूल खर्च होतात, म्हणजे सरासरी ९७ वॅट. जुना १०० वॅटचा पिवळा दिवा जितकी ऊर्जा घेतो, जवळपास तितकीच. मंगल कार्यालयात पाचशे वऱ्हाडी जमले की आत उकडू लागते, त्याचे कारण हेच: एकेक किलोवॅटच्या पन्नास शेगड्या पेटवून ठेवाव्यात, तेवढी उष्णता नुसत्या बसलेल्या माणसांतून बाहेर पडत असते.

उंचावरच्या वस्तूत तिच्या जागेमुळे जी ऊर्जा असते, तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. महाराष्ट्रात तिचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक कोयनेला पाहायला मिळते. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याला धरून दक्षिणेकडे वाहते आणि मग पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. तिला तिच्या वाटेने जाऊ दिले, तर हे पाणी दख्खनच्या पठारावरून हळूहळू उतरत पार बंगालच्या उपसागराला जाते. पण धरणाच्या जलाशयापासून पश्चिमेला, डोंगराच्या पलीकडे, थोड्याच अंतरावर कोकण आहे आणि ते शेकडो मीटर खाली आहे. म्हणून शिवसागर या जलाशयातले पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे काढून पोफळीच्या भूमिगत वीजघरात सुमारे ४७५ मीटर खाली सोडले जाते. एक हजार लिटर पाणी एवढे उतरले की ४६ लाख ज्यूलहून अधिक ऊर्जा मोकळी होते, म्हणजे १.३ युनिट. घर्षण आणि यंत्रांतली तूट वजा जाता हजार लिटरला एकाहून थोडे अधिक युनिट हाती येते. घराच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी दहा मीटर उंचीवर असते. तिच्यातल्या पाण्याची स्थितिज ऊर्जा युनिटच्या चाळिसाव्या भागाच्या आसपास, त्यात एक पंखा धड अर्धा तासही चालणार नाही. टाकी तेवढीच, पाणीही तेच. कोयनेला उंची आहे आणि पाणी अफाट आहे. एकट्या चौथ्या टप्प्याची क्षमता १,००० मेगावॅट आहे. ती पूर्ण वापरायची तर सेकंदाला दोन लाख लिटरहून अधिक पाणी सोडावे लागते.

उतरणारे पाणी वेग घेते, म्हणजे स्थितिज ऊर्जा कमी होते आणि गतिज ऊर्जा वाढते. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे केले की गतिज ऊर्जा मिळते. यातला ‘वर्ग’ हा शब्द वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाने मनावर घ्यावा असा आहे. १,००० किलो वजनाची मोटार ताशी ४० किलोमीटरने चालली असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ६२ हजार ज्यूल. वेग ताशी ८० केला की ती दुप्पट न होता चौपट, सुमारे २ लाख ४७ हजार होते. हीच ऊर्जा उंचीच्या भाषेत मांडली तर पहिली धडक दोन मजल्यांवरून पडण्याइतकी आणि दुसरी आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याइतकी.

घाट उतरणाऱ्या मालमोटारीचा हिशेब याहून भारी आहे. २५ टनांची मालमोटार खंडाळ्याहून खाली उतरताना सुमारे ५०० मीटर उंची गमावते. मोकळी झालेली ऊर्जा १२ कोटी ज्यूलहून जास्त, म्हणजे ३४ युनिट. गाडी वरती होती त्याच वेगाने खाली पोचली, तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी गेलीच पाहिजे. ती सगळी ब्रेकच्या वाट्याला आली तर ते तापून निकामी होतात. घाटात गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका, खालच्या गिअरमध्ये ठेवा, असे फलक लावलेले असतात त्यामागे हेच गणित आहे: खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच्या अडथळ्याने काही ऊर्जा शोषून हवेत सोडते आणि ब्रेकचा भार हलका होतो. मुंबईच्या नव्या लोकल गाड्यांनी यावर अधिक चांगला तोडगा काढला आहे. ब्रेक लावताना त्यांच्या मोटारी जनित्रासारख्या उलट चालतात आणि गाडीची गतिज ऊर्जा वीज होऊन वरच्या तारेत परत जाते; जवळपास वेग घेणारी दुसरी लोकल ती वापरते.

पाठ्यपुस्तकांत ऊर्जेच्या रूपांची यादी असते: गतिज, स्थितिज, उष्णता, प्रकाश, ध्वनी, विद्युत, रासायनिक, अणुकेंद्रीय. यादी सोयीची आहे, पण ती म्हणजे आठ निरनिराळे पदार्थ आहेत असा समज होऊ देऊ नये. ध्वनी म्हणजे हवेच्या रेणूंची लयबद्ध हालचाल, म्हणजे बहुतांशी गतिज ऊर्जाच. तापलेल्या तव्याची उष्णता म्हणजे लोखंडाच्या अणूंची जागच्या जागी चाललेली सैरभैर थरथर, तीही हालचालच. गॅसच्या शेगडीत जळणाऱ्या इंधनाची रासायनिक ऊर्जा ही रेणूंमधल्या इलेक्ट्रॉनांच्या आणि अणुकेंद्रांच्या परस्परांच्या सापेक्ष जागेमुळे असते. गुंडाळलेल्या कमानीतली ऊर्जा खोलात गेले की तशीच. एकूण पाहता हालचालीची ऊर्जा आणि जागेची, म्हणजे क्षेत्रांची ऊर्जा एवढ्या दोन मोठ्या खात्यांत यादीतली जवळजवळ सगळी नावे सामावतात. प्रकाश हा विद्युत-चुंबकीय क्षेत्राचाच तरंग. उरते ती वस्तुमानाची ऊर्जा, तिचा विचार पुढे.

ही खाती एकमेकांत कशी वळती होतात, ते सिंहगड चढताना अंगावर अनुभवता येते. ६० किलो वजनाचा माणूस पायथ्यापासून साधारण ६०० मीटर चढून गेला, तर त्याची स्थितिज ऊर्जा ३ लाख ५३ हजार ज्यूलने वाढते. अन्नाच्या भाषेत हे केवळ ८४ किलोकॅलरी. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतून सुमारे २०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे अख्खा गड चढायला अर्धी भाकरीही पुरायला हवी. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा चढण्याच्या कार्यात घालू शकतात. बाकीची उष्णता होते. म्हणून चढणारा घामाने भिजतो आणि खर्च दीड-दोन भाकऱ्यांवर जातो. वरती पिठले-भाकरी खाऊन उतरायला लागल्यावर कमावलेली स्थितिज ऊर्जा परत जायला लागते, पण तिची भाकरी होत नाही. मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला शरीराला रोखून धरतात, ब्रेकसारखे तापतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्याची आठवण करून देतात.

या सगळ्या उदाहरणांच्या मुळाशी एकच नियम आहे. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. ती एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते आणि बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण नसलेल्या प्रणालीतली एकूण ऊर्जा कायम राहते. हा ऊर्जा अक्षय्यतेचा नियम. मराठीने इथे एक चांगली सोय करून ठेवली आहे. दिवे मालवा, इंधन वाचवा या अर्थाने ‘ऊर्जा संवर्धन’ किंवा ‘बचत’ हे शब्द आहेत आणि निसर्गनियमासाठी ‘अक्षय्यता’ हा वेगळा शब्द आहे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्याने जो गोंधळ होतो, तो मराठीत व्हायचे कारण नाही.

हा नियम कोणा एकाला एके दिवशी सुचलेला नाही. हिशेब जुळत नाही असे दिसले, तुटीचा शोध घेतला आणि ती भलत्याच खात्यात सापडली, असे पुन्हा पुन्हा घडत तो पक्का झाला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हॉलंडमधल्या ग्रावेसांडे या शास्त्रज्ञाने पितळेचे गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ चिकणमातीत टाकून पाहिले. दुप्पट वेगाने आदळणारा गोळा चौपट खोल रुततो, असे त्याला आढळले. लायब्निट्सने वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराला ‘जिवंत बल’ म्हटले होते, त्याला यातून आधार मिळाला. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने १७४० च्या आपल्या ग्रंथात हा विचार हिरिरीने मांडला. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चे फ्रेंच भाषांतर करणारी हीच बाई न्यूटनच्या अनुयायांशी या मुद्द्यावर वाद घालत होती, हे तिच्या स्वतंत्र बुद्धीचे द्योतक आहे. पण एक प्रश्न उरला. चिकणमातीत रुतलेला गोळा थांबल्यावर ते जिवंत बल कुठे गेले?

उत्तर उष्णतेत होते, मात्र त्या काळी उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे आणि तो वस्तूंतून झिरपत असतो असे मानत. या कल्पनेला पहिला मोठा हादरा तोफांच्या कारखान्यात बसला. म्युनिकला तोफांना भोक पाडण्याच्या कामावर देखरेख करताना काउंट रम्फर्डने पाहिले की बोथट हत्यार फिरत राहिले की धातू तापतच राहतो. त्याने तोफेचा भाग पाण्यात बुडवून घोड्यांकडून यंत्र फिरवले आणि सुमारे अडीच तासांत विस्तवाशिवाय पाणी उकळले. यावरचा त्याचा निबंध १७९८ चा. धातूत साठलेला द्रव बाहेर येत असता तर तो कधीतरी संपला असता. ही उष्णता तर घोडे चालत होते तोवर येतच होती.

पुढचा धागा भौतिकशास्त्राच्या बाहेरून आला. यूलिउस रॉबर्ट मायर हा जर्मन तरुण डॉक्टर १८४० मध्ये डच जहाजावर वैद्य म्हणून जावाला गेला. तिथे आजारी खलाशांच्या शिरेतून रक्त काढताना ते त्याला नेहमीसारखे काळपट दिसेना, धमनीतल्या रक्तासारखे लालभडक दिसे. मायरने त्यातून अनुमान काढले की उष्ण प्रदेशात अंग गरम ठेवायला शरीराला कमी ज्वलन करावे लागते, म्हणून रक्तातला प्राणवायू कमी वापरला जातो. अन्नाचे ज्वलन, शरीराची उष्णता आणि हातापायांचे श्रम ही एकाच जमाखर्चाची कलमे आहेत, असे त्याच्या मनाने घेतले. १८४२ मध्ये त्याचा निबंध छापून आला. भौतिकशास्त्रज्ञांनी बराच काळ त्याची दखल घेतली नाही आणि त्या उपेक्षेने तो खचला.

मोजमापाने शंका फेडण्याचे काम मँचेस्टरजवळच्या जेम्स प्रेस्कॉट ज्यूलने केले. त्याच्या घरचा धंदा बिअर गाळण्याचा. तापमान काटेकोर सांभाळणे हा त्या धंद्याचा रोजचा भाग. ज्यूलने तांब्याच्या भांड्यात पाणी घेतले, त्यात पितळी पात्यांचे चाक बसवले आणि कप्पीवरून सोडलेल्या वजनांच्या दोरीने ते फिरवले. मराठी घरात ताक घुसळण्याची रवी असते, जवळपास तशीच ही रचना. फरक एवढा की दोरी ओढायला हातांऐवजी खाली उतरणारे वजन. वजन खाली आले की पुन्हा वर गुंडाळायचे, असे वीस वेळा. इतके करून पाण्याचे तापमान वाढे ते एका फॅरेनहाइट अंशापेक्षाही कमी, आणि तेवढी वाढ तो अंशाच्या दोनशेव्या भागापर्यंत वाचत असे. वजन जमिनीला टेकताना त्यात उरलेला वेग, कप्प्यांचे घर्षण, खोलीच्या हवेमुळे येणारा फरक, सगळे त्याने हिशेबात धरले. १८५० मध्ये त्याने जाहीर केलेले प्रमाण असे: एक पौंड पाणी एक फॅरेनहाइट अंशाने तापवायला ७७२ फूट-पौंड कार्य लागते. आजच्या एककांत एक ग्रॅम पाणी एक सेल्सिअस अंशाने तापवायला सुमारे ४.१५ ज्यूल. पाणी, पारा, लोखंड, काहीही घासले-घुसळले तरी त्याचा आकडा जवळजवळ तोच येत राहिला. पुढे १८७८ मध्ये त्याने हा आकडा अधिक बारकाईने ७७२.५५ असा काढला, आणि तो त्याच्या थडग्यावर कोरलेला आहे. आयुष्यभराच्या कामाचे याहून नेमके स्मारक क्वचितच कोणाला लाभले असेल.

ज्यूलच्या आकड्यातून एक गमतीचा निष्कर्ष निघतो. सुमारे ४२४ मीटर उंचीवरून पडलेले पाणी, त्याची सारी ऊर्जा त्याच्यातच राहिली तर, एका सेल्सिअस अंशाने तापेल. १८४७ मध्ये लग्नानंतर लगेच ज्यूल आल्प्स पर्वतात गेला, तेव्हा धबधब्याच्या माथ्यावर आणि तळाशी तापमान मोजायची त्याची खटपट चालली होती. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, त्याला वाटेत गाठल्याची आठवण लिहून ठेवली आहे. पाण्याचे तुषार इतके उडतात की मोजणी नीट होत नाही. कोयनेचे पाणी जर टर्बाइनला न फिरवता नुसतेच कोसळले असते, तर पोफळीला ते सुमारे १.१ अंश अधिक कोमट झाले असते. वीज म्हणून मुंबई-पुण्याला जाते, ती ऊर्जा बहुतांशी त्या न झालेल्या कोमटपणाची.

१८४७ मध्येच हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने हा सगळा विचार गणिताच्या एका चौकटीत बसवला. त्यानंतर अखंड फिरत राहणाऱ्या यंत्राला शास्त्रात जागा उरली नाही. अशा यंत्राची कल्पना जुनी आहे, भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ.स. ११५०) पारा भरलेल्या आऱ्यांचे, एकदा फिरवले की आपोआप फिरत राहणारे चाक वर्णिले आहे. कल्पना देखणी आहे, पण चाकाच्या एका बाजूला पारा उतरताना जेवढी ऊर्जा देतो, तेवढीच दुसऱ्या बाजूला तो चढवताना परत घेतो आणि आसाचे घर्षण वरून वजा होते. फ्रेंच विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच असल्या यंत्रांचे दावे तपासणार नाही असे ठरवून टाकले होते.

नियमाची सर्वांत कठीण परीक्षा विसाव्या शतकात झाली. काही किरणोत्सारी अणुकेंद्रांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. केंद्र आधी किती ऊर्जेचे होते आणि नंतर किती उरले हे ठाऊक असताना इलेक्ट्रॉनला दर वेळी ठरावीकच ऊर्जा मिळायला हवी होती. प्रत्यक्षात ती कधी जास्त, कधी कमी, आणि बहुतेक वेळा अपेक्षेहून कमी असे. तूट उघड होती. नील्स बोरसारखा शास्त्रज्ञही अणुकेंद्राच्या आत हा नियम कदाचित लागू नसेल असे म्हणू लागला होता. वोल्फगांग पाउलीने ४ डिसेंबर १९३० रोजी लिहिलेल्या एका पत्रात दुसरा मार्ग सुचवला: विद्युतभार नसलेला, कोणालाही न दिसलेला एक कण ही उरलेली ऊर्जा घेऊन जात असावा. फर्मीने त्याला न्यूट्रिनो हे नाव रूढ केले. १९५६ मध्ये राइन्स आणि कोवन यांनी अणुभट्टीजवळ तो प्रत्यक्ष पकडला. पुढे १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो नोंदवले. अशा न्यूट्रिनोंच्या जगातल्या पहिल्या नोंदींपैकी ती एक. जमाखर्च जुळलाच पाहिजे या विश्वासावर पाउलीने न दिसलेल्या कणाचे नाव वहीत घातले आणि पाव शतकाने तो कण सापडला. भौतिकशास्त्राच्या इतिहासात एवढ्या धीराचे अनुमान विरळाच.

वस्तुमानाचे खाते या वहीत १९०५ मध्ये आइन्स्टाइनने जोडले. वस्तुमानाला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने गुणले की त्यातली ऊर्जा मिळते. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असल्याने हा गुणाकार प्रचंड होतो: एक ग्रॅम वस्तुमानाची ऊर्जा अडीच कोटी युनिट. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होताना थोडे वस्तुमान कमी पडते आणि ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते. सूर्य दर सेकंदाला चाळीस लाख टनांहून अधिक वस्तुमान असे गमावतो.

हा नियम मुळात खरा का असावा, याचे उत्तर एमी न्योथर या जर्मन गणितीने १९१८ मध्ये दिले. निसर्गाचे नियम काळाबरोबर बदलत नसतील, तर ऊर्जा कायम राहिलीच पाहिजे, असे तिच्या सिद्धान्तातून निघते. गणित अवघड असले तरी आशय समजायला सोपा आहे. समजा, पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण सोमवारी कमी आणि मंगळवारी जास्त असते. मग सोमवारी कमी कष्टात पाणी वर चढवून मंगळवारी खाली सोडले की दर आठवड्याला फुकटची वीज मिळाली असती. गुरुत्वाकर्षण वार पाहून बदलत नाही, म्हणून तसे होत नाही. या सिद्धान्ताने नियमाची हद्दही दाखवून दिली: प्रसरण पावणाऱ्या विश्वात, अब्जावधी वर्षांच्या प्रवासात प्रकाशाची ऊर्जा घटत जाते आणि संपूर्ण विश्वाचा एकच ताळेबंद मांडता येत नाही. प्रयोगशाळेत, घरात, धरणावर त्याने काही बिघडत नाही.

ऊर्जा नष्टच होत नसेल तर तिची टंचाई कशी भासते, हा प्रश्न मग स्वाभाविक आहे. उत्तर असे की ऊर्जेचे प्रमाण टिकते, तिचा उपयोगीपणा टिकत नाही. कोळशावरच्या वीजकेंद्रात कोळशातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा वीज होतो. बाकीचा धुराड्यावाटे आणि पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांवाटे हवेत जातो. यात केवळ यंत्राचा दोष नसतो. वाफेच्या उष्णतेपैकी किती भाग कार्यात बदलता येईल याला निसर्गानेच मर्यादा घातली आहे, हे कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये दाखवले. उलट दिशेला अशी अडचण नसते: वीज, हालचाल, प्रकाश यांची उष्णता सगळीच्या सगळी होऊ शकते. एकाच दिशेने वळलेली ऊर्जा अब्जावधी रेणूंच्या सैरभैर हालचालीत विखुरली की ती पुन्हा गोळा करून आणता येत नाही.

घाटघरच्या प्रकल्पात हे रोज मोजून पाहता येते. तिथे वर एक जलाशय आहे आणि घाटाखाली दुसरा. विजेला मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज काढतात. अशा प्रकल्पांत साधारणपणे चार युनिट घालावीत तेव्हा तीन परत मिळतात. चौथे युनिट नाहीसे झालेले नसते. पाण्याच्या भोवऱ्यांत, यंत्रांच्या बेअरिंगांत, तारांच्या वेटोळ्यांत ते उष्णता होऊन पसरलेले असते. गरजेच्या वेळी वीज मिळावी म्हणून दिलेली ती किंमत आहे.

कोयनेचे पाणी वर चढवायला मात्र पंप लागत नाही, ते काम सूर्य करतो आणि ते फार उधळ्या हाताने करतो. समुद्रातल्या एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. तेच किलोभर पाणी कोयनेहून पोफळीला उतरताना ४,६५५ ज्यूल देते. पाचशेवा हिस्साही नाही. बाकीची ऊर्जा वाफेचे ढग होताना वातावरणातच मोकळी होते आणि पावसाळी ढगांना वर चढण्याचे बळ देते. पोफळीत तयार झालेले एक युनिट ७५ वॅटच्या पंख्याला तेरा तास पुरते. पंखा खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. त्याने ढवळलेली हवा अखेर भिंतींवर घासून शांत होते आणि ते अख्खे युनिट खोलीच्या उष्णतेत जमा होते. भिंती रात्री ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकतात. त्यातला काही भाग वातावरण अडवून धरते, आणि फेरफटके घेत शेवटी तो अवकाशात निघून जातो. पृथ्वीला सूर्याकडून जेवढी ऊर्जा मिळते, जवळजवळ तेवढीच ती अशी परत करते. सध्या हरितगृह वायू वाढल्यामुळे जाणारी ऊर्जा येणाऱ्या ऊर्जेपेक्षा किंचित कमी पडते आहे, आणि त्या फरकाचा सुमारे नव्वद टक्के भाग समुद्राच्या पाण्यात साठतो आहे. जगभरच्या महासागरांत सोडलेले हजारो स्वयंचलित तरंगते तापमापक दोन किलोमीटर खोलीपर्यंत बुड्या मारून, अंशाच्या लहानशा भागांत, तो साठा मोजत असतात.